तरुणपणी खुबा दुखतो तेव्हा



शिरपूर, साक्री, चोपडा, यावल तालुक्यांतील पाड्यांवर फिजिओथेरपीचे काम करताना मला विशीतली लंगडणारी मुले-मुली भेटतात. ‘वात असेल’ म्हणून घरचे तेल चोळतात. पण भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, हे ध्यानात ठेवावे.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त मिळाले नाही की ते आतून मरते, पुढे खचते आणि त्यावरची गुळगुळीत कूर्चा झिजते. खांद्यातही असे घडते. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत सुरू होते, कधी गुडघ्यातही जाणवते.

व्यायामाने मेलेले हाड जिवंत होत नाही. सांध्यावरचा भार मात्र हलका करता येतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. चांगल्या कुशीवर झोपून दुखरा पाय सरळ वर उचलावा. त्याने खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात. जड ओझे व उकिडवे बसणे टाळावे.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात सिकलसेलच्या रुग्णांना नुसत्या फिजिओथेरपीने जेवढा आराम पडला, त्याहून विशेष अधिक आराम हाडाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया जोडूनही पडला नाही. हाड पार खचले, तर सांधा बदलण्याची वेळ येते.

म्हणून जांघ दुखणाऱ्या तरुणाला ऊसतोडीला धाडण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी व एक्स-रेसाठी न्या. आपण दिलेली एक काठी, एक कमोडची खुर्चीसुद्धा त्याचे चालणे टिकवायला हातभार लावते.