वाकड्या कड्यांखाली सपाट छत

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टीचा उन्हाळा ज्यांनी टिनाच्या किंवा कवेलूच्या छपराखाली काढला आहे, त्यांना छताची महती निराळी सांगावी लागत नाही. अलीकडे आपल्याकडील जुन्या घरांतून व वसतिगृहांतून जिप्सम बोर्डाचे छत बसविण्याकडे कल वाढला आहे. काम दिसते सोपे. परंतु ज्या दालनात चाळीस-पन्नास मुले रात्री निजतात, तेथे डोक्यावर काय व कशाच्या आधाराने टांगले आहे, हे शिक्षकांनी आणि पालकांनीही जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

जुन्या इमारतीतील सागाच्या तुळया आणि कड्या क्वचितच एका पातळीत असतात. लाकूड वर्षानुवर्षे भार सोसून झोळ घेते, उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. अशा कड्यांवर बोर्ड सरळ ठोकला तर त्यांचा प्रत्येक वाकडेपणा छतात उतरतो आणि पहिल्याच वर्षी सांधे तडकतात. म्हणून छत कड्यांना चिकटवायचे नसते, त्यांपासून टांगायचे असते. कडी वाकडी असली तरी पातळी आपली आपण ठरवायची.

ही पातळी काढण्यास पारदर्शक नळीत भरलेले पाणी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू न देता चारही भिंतींवर खुणा कराव्यात, त्यांवरून सूत मारावे आणि मग सर्वांत खाली आलेली कडी शोधावी. छताची उंची तीच ठरवते. समजा, एका टोकाच्या कडीला दोन इंच झोळ आहे. तर तेथे हँगर आखूड राहील आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच लांब होईल. लांबी अशी कमीजास्त करता येणे, हाच हँगरचा खरा उपयोग.

सुताची रेघ धरून भिंतींना कडेची पट्टी बसते. हँगरांना सुमारे ४ फुटांवर आडव्या पट्ट्या आणि त्यांखाली दीड-दीड फुटांवर छताच्या पट्ट्या येतात. बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाडीचा, पट्ट्यांना काटकोनात. स्क्रू सुमारे ९ इंचांवर, डोके कागदात किंचित बुडेल पण कागद फाटणार नाही इतके. शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत.

आता भाराचा हिशेब. २० बाय १५ फुटांच्या खोलीचे छत ३०० चौरस फुटांचे. नुसत्या बोर्डाचे वजनच सुमारे अडीचशे किलो भरते. एका हँगरच्या वाट्याला लोखंडी पट्ट्यांसह जेमतेम पंधरा-सोळा किलो येतात, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. पण एक हँगर निसटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि तेही तितक्याच हलगर्जीपणे ठोकलेले असतात! कडीच्या तळाशी खालून मारलेला खिळा लाकूड आक्रसताच सैल होतो, कारण भार त्याला सरळ बाहेर ओढत असतो. तोच हँगर कडीच्या कुशीत दोन स्क्रूंनी आडवा पक्का केला, तर भार स्क्रूवर आडवा पडतो आणि तो सहजी निघत नाही. त्याआधी प्रत्येक कडीत पेचकस टोचून पाहावा. तो आत रुतला तर वाळवीने किंवा कुजीने लाकूड पोखरले आहे, असे समजून ती कडी आधी बदलावी. छताने ती झाकणे म्हणजे धोका दृष्टीआड करणे होय. पंखा मात्र छताच्या पट्टीला कधीही लावू नये. त्याचा हूक थेट तुळईतूनच आला पाहिजे.

जिप्समचा खरा शत्रू पाणी. वानरांनी उलथवलेली कवेलू फेरून घेतल्यावाचून छताला हात लावू नये. भिजलेला बोर्ड जड होऊन खाली झुकतो. आग लागल्यास मात्र हाच जिप्सम काही काळ आडवा येतो, कारण त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असते आणि तापताना ते वाफ होऊन निघते. उन्हाविषयी अधिक अपेक्षा ठेवू नये. टिन आणि बोर्ड यांच्यामधील तापलेल्या हवेला भिंतींतील झरोक्यांतून वाट दिली, तरच रात्र सुसह्य होते. झरोक्यांना जाळी हवी, नाहीतर उंदीर आणि पाखरे बिऱ्हाड करतात. छताच्या एका कोपऱ्यात माणूस शिरेल एवढे झाकणही ठेवावे, म्हणजे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आत डोकावून हँगर आणि कड्या तपासता येतील.