बोटीच्या मोटारीला पंख लावताना

मी कलाशाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. बोटीच्या यंत्राबद्दल मी लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ऐरोलीत राहणाऱ्या माणसाला खाडी टाळता येत नाही. आपल्या वसाहतीच्या पश्चिमेला तिवरांची रांग आहे, तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी आहे आणि दिवा कोळीवाड्यातली माणसे आमच्या काउंटरवर रोज येतात. त्यांच्यापैकी एका नाखव्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधता शोधता मला जे शिकायला मिळाले, ते येथे सांगतो. बँकेतील खात्याची गोष्ट बाहेर सांगू नये, म्हणून नाव-गाव गाळले आहे.

नाखव्याकडे फायबरची अठरा फुटी बोट आणि तिच्या मागे टांगलेली पंचवीस अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटार. मासेमारी वाशी पुलाच्या दक्षिणेला. मोटारीच्या कर्जाचे हप्ते चालू होते. एके दिवशी तो एक छापील पत्रक घेऊन आला. त्यात काळ्या प्लास्टिकचा, पसरलेल्या पंखांसारखा एक तुकडा दाखवला होता. हा हायड्रोफॉइल मोटारीला लावला की बोट लवकर पळू लागते, पेट्रोल वाचते, बोट हाताळायला सोपी होते, असा मजकूर होता. नाखवा म्हणाला, "साहेब, जाल्याचा ढीग नि बर्फाची पेटी घेऊन निघालो का बोटीचा तोंड वर जातो. समोरचा काय दिसत नाय. परवा एका हातहोडीवर जाता जाता वाचलो. ह्यो घेऊ का?"

हातहोडीत दोन माणसे होती आणि संध्याकाळची वेळ होती. त्यात ओहोटीची घाई. ओहोटी लागली की आपल्याकडच्या धक्क्यांसमोर नुसता चिखल उघडा पडतो, त्यामुळे पाणी असेपर्यंत परत पोहोचणे भाग असते. म्हणजे बोट सावकाश चालवा हा सल्ला फुकटचा होता. मी पत्रक ठेवून घेतले आणि आठ दिवसांची मुदत मागितली.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. हायड्रोफॉइल म्हटले की काही जणांना 1990 च्या दशकात मुंबई आणि नवी मुंबईच्या दरम्यान धावलेले हॉवरक्राफ्ट आठवते. हॉवरक्राफ्ट हवेच्या उशीवर तरंगते. हायड्रोफॉइल म्हणजे पाण्यात बुडालेला पंख. विमानाचा पंख हवेला खाली ढकलतो आणि त्याच्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो, तेच काम हा पंख पाण्यात करतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने येथे लहानसा पंखही पुरतो. इटलीचे एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 साली मॅजोरे सरोवरात अशा पंखांवर सबंध बोट पाण्याबाहेर उचलून दाखवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 या बोटीने 1919 साली कॅनडात ताशी सुमारे 114 किलोमीटरचा वेग गाठला. नाखव्याच्या पत्रकातला तुकडा या घराण्यातलाच, पण फार धाकटा. तो बोट पाण्याबाहेर काढत नाही, फक्त तिची मागची बाजू थोडी उचलून धरतो.

बोट नाळ वर का करते, हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सावकाश चालणारी होडी पाणी बाजूला सारत जाते. तिने उठवलेली लाट जसजसा वेग वाढेल तसतशी लांब होते आणि शेवटी होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. अठरा फुटांच्या बोटीच्या बाबतीत ही मर्यादा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येते. सपाट तळाची आणि पुरेशा ताकदीची बोट असेल तर ती ही लाट चढून पलीकडे जाते आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते. इंग्रजीत याला प्लेनिंग म्हणतात, आपण पाण्यावर चढणे म्हणू. चढण्याच्या वेळी मागची बाजू खचते आणि नाळ आकाशाकडे जाते. हलकी बोट हा टप्पा चटकन ओलांडते. ओझे मागे असलेली बोट मात्र तशीच नाळ वर करून मैलभर रडत जाते, भरपूर पेट्रोल पिते आणि चालवणाऱ्याला समोर काही दिसत नाही. नाखव्याची तक्रार नेमकी हीच होती.

आता मोटारीकडे पाहा. पंख्याच्या बरोबर वर एक आडवी धातूची पट्टी असते. बाजारात तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण ते नाव चुकीचे आहे. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये, हे तिचे खरे काम. (चुकीचे नाव एकदा रूढ झाले की खोडता येत नाही, हा अनुभव बँकेतही येतो.) हायड्रोफॉइल याच पट्टीला दोन्ही बाजूंनी बसवतात.

नाळ वर गेली म्हणजे सबंध बोट तिरपी होते आणि तिच्याबरोबर मोटारही. मग पंखाची पुढची कड वर आणि मागची कड खाली अशी स्थिती येते, पाणी त्याच्या खालच्या अंगावर आपटते आणि बोटीची मागची बाजू वर ढकलली जाते. नाळ खाली आली की पंख पुन्हा सपाट होतो आणि त्याचा जोर आपोआप कमी होतो. म्हणजे बिघाड जितका मोठा तितके औषध मोठे. काही बोटी वेगात एकसारख्या डुंबत-उठत उड्या मारतात, त्यांनाही यामुळे आराम पडतो तो याच कारणाने.

किती जोर मिळतो? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे, गुणिले पंखाचे क्षेत्रफळ, गुणिले कोनावर अवलंबून असणारा एक गुणक. बोटीचा वेग ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 5.6 मीटर घ्या, क्षेत्रफळ 0.05 चौरस मीटर आणि गुणक 0.3 धरा. उत्तर सुमारे 230 न्यूटन, म्हणजे जवळपास 24 किलो वजन उचलण्याइतका जोर. वेग निम्मा केला तर जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो, कारण वेगाचा वर्ग आहे. ताशी 10 किलोमीटरला जेमतेम सहा किलो. म्हणून सावकाश चालणाऱ्या जड लाकडी होडीला हा पंख लावणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे शेपूट लावण्यासारखे आहे.

मला सर्वांत उपयोगी वाटले ते या 24 किलोंनीच. पंख बोटीच्या मागच्या बाजूचे चोवीस किलो उचलतो. मग मागच्या बाजूचे चोवीस किलो आपणच उचलून पुढे ठेवले तर? त्याला पैसे पडत नाहीत. हे मी नाखव्याला सांगितले तेव्हा तो हसला, पण रविवारी मला बोटीवर घेऊन गेला.

पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी, भिजलेले जाळे आणि त्याचा भाचा, सगळे मोटारीच्या पायाशी! पेटी मधल्या आडव्या फळीपुढे सरकवली, जाळे त्याहून पुढे. नंतर मोटारीचा कोन पाहिला. बोटीच्या मागच्या फळीवर मोटार ज्या कंसात बसते, तेथे कोन बदलण्यासाठी भोके आणि एक पिन असते. पंखा बोटीच्या जवळ आणला की नाळ दबते, लांब नेला की नाळ उठते. कोणीतरी पिन दोन भोके बाहेर लावून ठेवली होती. ती एक भोक आत घेतली. मग मोटारीची उंची. ती आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत असावी, लांब पट्टी तळाला लावून हे सहज कळते. येथे ती दोन इंच खाली होती, म्हणजे मोटारीचा तेवढा भाग उगाच पाणी ओढत होता. खाली जाड लाकडी ठोकळा घालून मोटार उचलली आणि पुन्हा घट्ट बसवली.

एवढ्यावर बोट निम्मी सुधारली. रिकामी असताना नाळ तक्रार करीनाशी झाली. परंतु परतीला मासळी आणि ओले जाळे भरले की चढताना ती अजूनही बराच वेळ आभाळ बघत होती. म्हणजे आता जो आजार उरला होता, तो खरोखर पंखाचा आजार होता. तेव्हा मी घ्या म्हणालो.

घेताना दोन प्रकार मिळतात. एक पट्टीला भोके पाडून बोल्टने बसवायचा, दुसरा भोके न पाडता पट्टीला चिमट्यासारखा धरणारा. पहिला पक्का बसतो, पण अॅल्युमिनियमला पाडलेल्या भोकात खारे पाणी शिरले की रंग सुटतो आणि धातू खायला लागतो. शिवाय मोटार हमीच्या काळात असेल तर भोके पाडण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे, हा माझ्या धंद्याचा सल्ला. भोके पाडायचीच तर पंख दोन्ही बाजूंना सारखा आहे का हे मोजून, खुणा करून मगच पाडावीत. कडांना रंग लावावा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि नट न सुटणारे वापरावेत. काम सुरू करण्यापूर्वी मोटार बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. पंख्याजवळ हात असताना कोणी दोरी ओढली तर काय होईल ते सांगायला नको. पट्टीखाली बसवलेला जस्ताचा तुकडा झाकला जाऊ नये, तो मोटारीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच असतो. शेजारच्या एका बोटीवर घाईने घातलेला एक बोल्ट भर खाडीत सुटला आणि पंख एका बाजूने लटकून सुकाणू खेचू लागला. त्या मालकाला वल्हे मारत यावे लागले.

नाखव्याने चिमट्याचा प्रकार घेतला. चाचणी आम्ही तेच ओझे, तीच माणसे घेऊन, पाणी थांबलेले असताना केली. एकदा जाताना आणि एकदा येताना, म्हणजे प्रवाहाची लबाडी निघून जाते. बोट पूर्वीपेक्षा लवकर आणि कमी वेगात पाण्यावर चढली. मुख्य म्हणजे चढताना समोरचे खुंट आणि जाळ्यांचे बोये दिसत राहिले. कमाल वेग मात्र वाढला नाही. मोबाईलवर पाहिले तर किंचित कमीच भरला, कारण पाण्यात जास्तीची वस्तू आहे तर ती ओढणारच. पंखाने ताकद येत नाही. ताकद मोटारीची, पंख फक्त ती वाया जाऊ देत नाही. पत्रकातली पेट्रोलची बचत सरसकट खरी नाही: जो पूर्वी नाळ वर करून लांबवर जात असे त्याचे वाचेल, ज्याची बोट आधीच नीट चढते त्याचे वाचणार नाही.

एक गोष्ट भाच्याने शिकवली. त्याने हौसेने पिन आणखी एक भोक आत घेतली आणि पूर्ण वेगात वळण घेतले. पंख मागची बाजू उचलतो, आत घेतलेला कोन नाळ दाबतो. दोन्ही मिळून नाळ पाण्यात रुतली आणि बोट मनाविरुद्ध एका बाजूला वळू लागली. मामाने शिवी हासडून वेग हळूहळू उतरवला. पंख बसवल्यावर कोन पुन्हा नव्याने, थोडाथोडा बदलत जुळवावा लागतो. पहिले काही दिवस वळणे बेताने घ्यावीत आणि मोटार बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली असावी.

आपल्या खाडीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या यादीत आली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी ज्या चिखलावर चरतात, तो चिखल बोटीला उथळ असतो. तेथे सावकाशच जायचे, आणि सावकाश चालताना पंखाचा उपयोग शून्य. उलट रुंद झाल्यामुळे तो चिखलात बसतो आणि प्लास्टिकच्या पिशव्या, फाटकी जाळी, निर्माल्याचे कापड सगळे गोळा करतो. दक्षिणेला मोकळ्या पाण्यात गेल्यावर त्याचे काम सुरू होते.

नाखवा अजून महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायला येतो. पंख लावलेलाच आहे. दर रविवारी तो मोटार वर उचलून चिमट्याचे नट पान्याने तपासतो आणि अडकलेल्या पिशव्या कोयत्याने कापून काढतो. मागच्या वेळी त्यातून सिमेंटचे अख्खे पोते निघाले. बर्फाची पेटी मात्र मधल्या फळीपुढेच ठेवतो, आणि भाच्याला नाळेवर बसवतो.