बुडी मारणारा लाकडी मासा

लाकूड पाण्यावर तरंगते, हे सांगावयास कोणी पंडित नको. परंतु बोटभर लांबीचा लाकडी मासा दोरीने ओढताच पाण्यात खाली खाली शिरतो, डावीउजवीकडे अंग हलवीत पोहतो आणि ओढ थांबली की पुन्हा अलगद वर येतो, हे प्रथमच पाहणाऱ्यास जादूसारखे वाटते. ही करामत लाकडाची नव्हे आणि दोरीचीही नव्हे. माशाच्या हनुवटीखाली तिरपी बसविलेली नखाएवढी पट्टी हे सारे घडवून आणते. कृत्रिम आमिषाने मासे पकडणारे लोक या पट्टीला त्या माशाचा ओठ म्हणतात. असा एक ओठ करणे सोपे आहे. दुसरा अगदी पहिल्यासारखा करणे मात्र कठीण आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर फिनलंडचा लाउरी रापाला (१९०५–१९७४). पाय्यान्ने या विस्तीर्ण सरोवरावर होडी वल्हवीत, लांब दोऱ्यांना आमिषे लावून तो उदरनिर्वाह करी. पाण्यात टक लावून पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले, की लहान माशांच्या थव्यात एखादा दुखावलेला मासा जरा लटपटत पोहू लागला, की मोठा हिंस्र मासा बाकीचे सोडून नेमका त्याच्यावरच झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून तसा लटपटणारा मासा चाकूने कोरून काढला. अंगाला चमक यावी म्हणून चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. रोगण विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे युद्धकाळात बूच मिळेनासे झाले, तेव्हा झाडाच्या सालीवर काम भागविले. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात या आमिषावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली नटी मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक घरोघर गेला आणि मागण्यांचा पूर लोटला.

एक मासा कोरणाऱ्याने आता हजारो मासे करावयाचे, आणि प्रत्येकाने पहिल्यासारखेच पोहावयाचे! रापाला व त्याची मुले प्रत्येक आमिष पाण्यात ओढून पाहत, हाताने नीट करीत आणि मगच विकत. ज्याच्या घरची चूल त्या दिवशीच्या माशांवर पेटते, त्याला न पोहणारा लाकडी मासा काय कामाचा? आपल्याकडेही गोव्याच्या खाड्यांत चोणक आणि तांबोशी यांसाठी हौशी लोक अशी आमिषे वापरतात. तांबोशी खडकांच्या आणि बुडालेल्या झाडांच्या आडोशाला राहते. आमिष तिच्या डोक्यावरून दोन हात वरून गेले, तर दिवसभर दोरी फेकली तरी हाती काही लागत नाही.

आता ओठ काम कसे करतो ते पाहू. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्यास हे समजणे अवघड नाही. पतंगाचा कागद वाऱ्याला तिरपा धरलेला असतो. वारा त्यावर आदळतो आणि पतंग वर ढकलला जातो. ओठ म्हणजे पाण्यातला उलटा पतंगच. तो पुढे आणि खाली झुकलेला असतो, दोरी ओढताच समोरचे पाणी त्याच्या वरच्या अंगावर आदळते आणि माशाचे तोंड खाली दाबले जाते. ओठ लांब असेल आणि माशाच्या अंगाच्या रेषेशी जवळजवळ सरळ असेल, तर मासा खोल जातो. आखूड असून उभा बसविला असेल, तर मासा वरच्या वर राहतो, पण जोराने डोलतो.

हे डोलणे कोठून येते? पाणी ओठाच्या कडांवरून फाटून जाताना एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूस भोवरा सुटतो. भोवऱ्यांच्या अशा दुहेरी रांगेचे गणित थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मांडले. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात, त्याचे कारणही हेच भोवरे. प्रत्येक भोवरा सुटताना माशाचे तोंड किंचित हिसकले जाते आणि त्याची लटपट सुरू होते. अर्थात डावा हिसका आणि उजवा हिसका समतोल असला पाहिजे. येथेच कारागिराची खरी परीक्षा होते.

थोडे गणित करू. ओठाची रुंदी १६ मिलिमीटर धरा. मध्यरेषा बरोबर असेल तर दोन्हीकडे आठ आठ मिलिमीटर येतील. समजा, ती केवळ अर्धा मिलिमीटर सरकली. एका बाजूस साडेआठ, दुसऱ्या बाजूस साडेसात. मोठ्या बाजूवर पाण्याचा जोर सुमारे १३ टक्के अधिक पडेल. शिवाय तो मध्यरेषेपासून अधिक दूरही पडतो. तराजूची दांडी आठवा, म्हणजे याचा अर्थ कळेल. पाण्याचा दाब सर्वत्र सारखा मानला तर पिळण्याची शक्ती रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २८९ ला २२५. हा फरक २८ टक्क्यांचा झाला! अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला बरोबर कळते. मासा एका अंगावर कलतो, गरगर फिरतो आणि पृष्ठभागावर येऊन पडतो.

यास्तव ओठ नजरेच्या अंदाजाने कापू नये. प्रथम एक आदर्श नमुना करावा आणि पुढचे सारे ओठ त्यावरून काढावेत. जाड कागदाची घडी घालून अर्धा आकार कापला, की उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. हा आकार दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर उतरवून कानशीने घासावा. मग त्याची परीक्षा घ्यावी. नमुना पत्र्यावर ठेवून अणकुचीदार सुईने भोवती रेघ ओढावी, नमुना पालथा करून त्याच मध्यरेषेवर ठेवावा आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर नमुना निर्दोष. जेथे दोन रेघा दिसतील तेथे दोष, आणि तोही दुप्पट मोठा होऊन दिसतो, त्यामुळे केसाएवढी चूकही लपत नाही. मला विचाराल तर या कामातील सर्वांत सुंदर युक्ती हीच. महागडे मोजमापाचे यंत्र नसतानाही ती अचूक निकाल देते.

ओठासाठी पॉलिकार्बोनेटचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पत्रा उत्तम. दिसायला तसाच असणारा ॲक्रिलिकचा पत्रा घेऊ नये, कारण दगडावर आपटला की तो काचेसारखा तडकतो. वरचा संरक्षक कागद काम पुरे होईपर्यंत काढू नये. नमुन्यापेक्षा थोडे मोठे पाचसहा चौकोनी तुकडे कापून दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवावेत आणि सर्वांत वर धातूचा नमुना बसवावा. ही थप्पी व्हाइसमध्ये धरून कानशीने घासत जावी. कानस धातूला लागली की आवाज बदलतो; तेथे थांबावे. अशा रीतीने सहा ओठ एकाच वेळी, एकाच मापाचे तयार होतात. थप्पी सोडण्यापूर्वी सर्वांच्या वरच्या व खालच्या कडेवर मध्याची बारीक खूण करून घ्यावी. एकदा ते सुटे झाले की मध्य पुन्हा शोधणे जिकिरीचे असते. शेवटी कडांचे खरखरीतपण पॉलिशपेपरने काढावे, परंतु एका ओठाला चार हात फिरविले तर दुसऱ्यालाही चारच. बोथट कड आणि धारदार कड यांवरून पाणी निरनिराळ्या तऱ्हेने वाहते.

ओठ कितीही अचूक असला तरी तो वाकडा बसविला तर सारे श्रम फुकट. त्याची खाच लाकूड चौकोनी ठोकळा असतानाच कापावी. पोट गोल झाल्यावर गुण्या टेकवायला सपाट जागाच उरत नाही. ठोकळा ज्यात घट्ट बसेल अशी तीन फळ्यांची छोटी चौकट करावी आणि तिच्या दोन्ही उभ्या फळ्यांत हव्या त्या कोनात करवतीची एक वाट पाडून ठेवावी. हॅकसॉचे पाते त्याच वाटेने चालविले म्हणजे प्रत्येक माशात कोन तोच येतो. एका पात्याने खाच अरुंद पडत असेल तर दोन पाती जोडून वापरावीत. आधी रद्दी लाकडावर कापून ओठ घालून पाहावा. खाच किती खोल जावी हे ठरविण्यासाठी चौकटीत एक अडसर ठोकला की तीही काळजी मिटते. मग ठोकळा कोरावा, रंगवावा आणि खाचेच्या आतूनही लेप द्यावा, नाहीतर तेथून पाणी शिरून लाकूड फुगते.

चिकटविण्यासाठी दोन नळ्यांचे मिश्रण करावयाचे इपॉक्सी घ्यावे. क्षणात चिकटणारा गोंद येथे निरुपयोगी. तो ओठ सरळ करण्यास उसंतच देत नाही. खाचेत जाणारा भाग घासून खरबरीत करावा, मध्याची खूण अंगाच्या मध्यरेषेवर आणावी आणि मासा हातभर लांब धरून समोरून पाहावे. ओठाची दोन्ही टोके पाठीच्या उभ्या रेषेपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजेत.

पोहण्याची परीक्षा हौदातही घेता येते. गळ लावूनच ती घ्यावी, कारण गळांच्या वजनानेही चाल बदलते. मात्र मुलांनी पकडीने गळांची टोके आधी कापून टाकावीत. माशाची शेपटी आपल्याकडे आणि तोंड पलीकडे असे धरले असता तो उजवीकडे पळत असेल, तर दोरी बांधण्याची कडी केसभर डावीकडे वाकवावी; डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. एका वेळी अगदी थोडे वाकवावे आणि पुन्हा ओढून पाहावे. कडी खूप वाकवूनही मासा सरळ चालत नसेल, तर दोष कडीत नसून ओठात आहे असे समजावे. तेव्हा ओठ समोरून पुन्हा न्याहाळावा आणि ज्या चौकटीतून तो मासा निघाला तिची वाट झिजून रुंद तर झाली नाही ना, हेही पाहावे. लाकडी चौकटीची वाट वीसपंचवीस खाचांनंतर सैल होऊ लागते, म्हणून तिच्या तोंडाशी पत्र्याची पट्टी ठोकून ठेवलेली बरी.