इंजिन बंद, मग डोळे बंद!

हॉटेलचं बुकिंग नाही, चेक-आउटची घाई नाही. मागची सीट आडवी केली की झाली बेडरूम तयार! पण त्या बेडरूममध्ये आडवं होण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचाच...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. एखाद्या तरी गाडीच्या डिकीत लॅपटॉपच्या बॅगेला खेटून गुंडाळलेली गादी, फोल्डिंगची खुर्ची आणि छोटा गॅस दिसेलच. बॉसला ‘बाय’ केलं की ही मंडळी थेट पवनेच्या काठावर, भंडारदऱ्याला, नाहीतर कोकणातल्या एखाद्या शांत किनाऱ्यावर! महाराष्ट्र सरकारने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. थोडक्यात काय, गाडीत झोपणं हा आता फक्त ट्रकवाल्यांचा प्रांत राहिलेला नाही. मीही याच पंथातली. आठवडाभर डेडलाइन्सच्या मागे धावल्यावर तळ्याकाठी उगवणारा रविवार काय चीज असते, हे मी वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी आमच्या ग्रुपमध्ये मी एक साधा प्रश्न टाकला. बाहेर मुक्काम करताना तुम्हाला भीती कशाची वाटते? उत्तरं भराभर आली. बिबट्या, चोर, दारू पिऊन येणारी टोळकी. एकाने प्रामाणिकपणे ‘भूत’ असंही लिहिलं! गंमत बघा, सगळ्यांचं लक्ष काचेच्या बाहेर. म्हणून मग आपण काय करतो? काचा वर, दारं लॉक, तंबूची चेन गळ्यापर्यंत. आणि खरा घातकी पाहुणा अनेकदा आपणच आत घेतलेला असतो.

न दिसणारा पाहुणा

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. केरळमधल्या वडकराजवळ रस्त्याकडेला एक कॅराव्हॅन उभी होती. आत दोन माणसं मृतावस्थेत सापडली. मारामारी नाही, चोरी नाही. तपासात निष्पन्न झालं ते असं, की गाडीच्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचेच आठ पर्यटक दगावले. त्यात चार लहान मुलं होती. थंडी होती म्हणून बंद खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. गाडी काय, तंबू काय, खोली काय, गणित तेच: काहीतरी जळतंय आणि हवा कोंडलेली आहे.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं, त्याच्या दोनशेहून जास्त पटींनी याला घट्ट धरून बसतं. म्हणजे तुम्ही श्वास घेताय, छाती वरखाली होतेय, पण ऑक्सिजनची सीट आधीच रिझर्व्ह झालेली! डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातली शक्ती जाते. आता मला सांगा, घाटातून चार तास गाडी हाणून आल्यावर आणि वर दोन बिअर झाल्यावर यातलं काय वेगळं वाटणार आहे? ‘दमलोय रे, झोपतो’ असं म्हणून माणूस कूस बदलतो. झोपेत तर ही लक्षणंही कळत नाहीत. खरा धोका इथेच आहे.

धूर नाही, मग काय प्रॉब्लेम?

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, आम्ही मावळात एका तळ्याकाठी तंबूत होतो. रात्री बारानंतर थंडी बोचायला लागली. शेजारच्या तंबूतल्या जोडप्याने बार्बेक्यूची शेगडी उचलली आणि सरळ आत नेऊन चेन लावली. ज्वाळा नव्हत्या, धूर नव्हता, नुसते लालबुंद निखारे. बघायला किती उबदार! पण आमच्यातली एक मैत्रीण डॉक्टर आहे. ती ताडकन उठली, त्यांचा तंबू उघडायला लावला आणि शेगडी बाहेर काढायला लावली. ती मुलगी कपाळ चोळत बाहेर आली. तिचं डोकं दुखायला लागलं होतं आणि तिला वाटत होतं, प्रवासामुळे असेल. दोघं अर्धा तास उघड्यावर बसली, डोकं उतरलं, तरी मैत्रिणीने त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात पाठवलंच.

त्या रात्री कळलेली गोष्ट साधी आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेबच चुकीचा. नुसता धुमसणारा कोळसा हा वायू भरपूर सोडतो. त्यामुळे शेगडी, सिगडी, बार्बेक्यू, गॅस, स्टोव्ह यातलं काहीही तंबूत किंवा गाडीत नको. विझत आलेलंही नको. आणि हो, बाहेर पाऊस पडत असला तरीही नको!

एसी लावून झोपू का?

हा हमखास येणारा प्रश्न. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, गाडी कुठलीही असो, एसी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. धावत्या गाडीचा धूर मागे सुटून जातो, उभ्या गाडीचा तिच्याभोवतीच रेंगाळतो. सायलेन्सरला कुठे भोक पडलं असेल, त्याचं तोंड चिखलात, गवतात किंवा भिंतीला टेकलं असेल, तर तो फटीतून आत येतो. काच दोन बोटं खाली ठेवली की झालं, असं अनेकांना वाटतं. पण इंजिन किंवा जनरेटर चालू असताना त्या दोन बोटांच्या भरवशावर राहू नका. इंजिन बंद करून झोपताना मात्र मोकळ्या हवेसाठी काच थोडी खाली हवीच. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना धुराची काळजी नाही, पण शेगडीचा नियम त्यांनाही तितकाच लागू.

आणखी एक. कोव्हिडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बॅगेत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बोटाला लावायचं ते साधं यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यात फरक करू शकत नाही. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल! त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. ऑनलाइन मिळतो, मुठीत मावतो आणि झोपेतून उठवतो. गाडीच्या टपावरच्या तंबूसाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनी इथे काटकसर करू नये.

मग थंडीचं काय? आजीचा फॉर्म्युला! गोधडी, कानटोपी, पायमोजे आणि अंगाखाली जाड मॅट. थंडी खालून जास्त लागते. उकाड्यात काचांना मच्छरदाणीचं कापड आणि पॉवर बँकवर चालणारा छोटा पंखा.

गाडी लावायची कुठे?

हवेनंतर नंबर जागेचा. हायवेच्या कडेला ‘जरा डोळा लावतो’ म्हणून थांबणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण. पेट्रोल पंप, मोठा ढाबा, एमटीडीसीचं आवार किंवा गावात कुणाला तरी विचारून त्यांचं अंगण बरं. विचारलं की बहुतेकदा जागेसोबत चहाही मिळतो.

पाण्याजवळ तर जास्तच सावध. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो, त्यामुळे ओढ्याच्या पात्रात तंबू किंवा गाडी नको. किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल सुकी असलेली वाळू आज त्याच वेळेला सुकी असेलच असं नाही. गाडी पक्क्या जमिनीवर, भरतीच्या रेषेच्या बरीच वर. वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या तर तंबू सोडून पत्र्याच्या बंद गाडीत बसा. अर्थात, इंजिन बंद करूनच!

डॅशबोर्डवर चिकटवा

• झोपण्याआधी इंजिन बंद, काच थोडी खाली, निखारे बाहेर आणि पाणी ओतून विझवलेले.
• जनरेटर असेल तर गाडीबाहेर, किमान वीस फूट लांब, धूर आपल्याकडे येणार नाही असा.
• गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या जागी, ड्रायव्हरची सीट रिकामी. जागा खटकली तर वाद न घालता निघा.
• रेंज जाण्याआधीच घरी लोकेशन पाठवा आणि सकाळी फोन कधी करणार ते सांगा.
• दोघांतिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर ती दगदग नव्हे. सगळे आधी उघड्यावर या, मग ११२ किंवा १०८ ला फोन. बरं वाटलं तरी परत आत झोपू नका. डॉक्टरांना ‘बंद जागेत कोळसा किंवा इंजिन चालू होतं’ हे आवर्जून सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच सुरू होईल.
• राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३.

बिबट्याची भीती वाटत असेल तर वाटू द्या, ट्रिपला तेवढी फोडणी हवीच! फक्त या शुक्रवारी निघताना ग्रुपमधल्या एकाला काम वाटून द्या: सगळे झोपण्याआधी इंजिन आणि शेगडी बघायची. दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांनी तोंड वाकडं करून का होईना, पण हजर असायला हवं ना?