घरातली मंडळी
ख्रिस्ती समाजातील लहान प्रार्थनागटांविषयी थोडेसे

‘मंडळी’ हा शब्द आपण सारेच वापरतो. लग्नाला जमतात ती मंडळी, ओट्यावर गप्पांना बसतात ती मंडळी, आणि पूर्वीचे गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करीत. मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात ‘चर्च’ या अर्थी हाच शब्द रूढ झाला आहे. आम्हांला ही निवड मोठी मार्मिक वाटते. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मनोरा, घंटा आणि रंगीत काचा उभ्या राहतात. मंडळी म्हटले की माणसे दिसू लागतात. आजचा आमचा विषय त्या माणसांचाच आहे. मंडळीच्या पोटात जी आणखी लहान मंडळी असते, आठ-दहा किंवा फार तर पंधरा जणांची, ती काय करते आणि तिची गरज का पडते, हे आज पाहावयाचे आहे.

अशी बैठक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचे थोडक्यात वर्णन करतो. आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सतरंजी अंथरली जाते. शेतावरून, शाळेतून, दवाखान्यातून परतलेली माणसे हातपाय धुऊन येऊन बसतात. पेटी असली तर पेटी, नाहीतर नुसते टाळ घेऊन एक-दोन पदे होतात. शास्त्रातील एखादा उतारा वाचला जातो आणि ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. मग कोणाच्या घरी आजारी कोण, कोणाचा मुलगा परीक्षेला बसला आहे, कोणाचे भावाशी भांडण आहे, हे निघते आणि त्या त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना होते. शेवटी चहा होतो आणि पुढची बैठक कोणाकडे हे ठरते. बाहेरून पाहणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही.

येथे कोणी विचारील की, रविवारी मंदिरात उपासना होते, पाळक प्रवचन देतात, मग या घरगुती बैठकीचे प्रयोजन काय? याचे उत्तर आपल्याला ख्रिस्ती ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. आटपाडीहून पंढरपूर काही लांब नाही, आणि वारी आपण जाणतो. पालखीबरोबर लाखो माणसे चालतात, परंतु वारकरी त्या लाखांत चालत नसतो, तो आपल्या दिंडीत चालत असतो. दिंडीला तिचा विणेकरी असतो, तिची भजनाची चाल असते, तिची चूल असते. पायाला फोड आला तर तो लाखांना कळत नाही, दिंडीला कळतो. मुक्कामाला एक माणूस कमी भरला तर तेही दिंडीलाच कळते. भक्तीची भव्यता पालखीत आहे, पण माणसाची विचारपूस दिंडीत आहे. ख्रिस्ती मंडळीतील लहान गटाचे काम नेमके हेच होय. जो आला नाही तो का आला नाही, हे विचारणारे कोणीतरी असावे, यासाठी तो आहे.

इतिहासाकडे पाहिले तर ही कल्पना मागाहून सुचलेली नाही, ती आरंभीचीच आहे. पहिली सुमारे तीन शतके ख्रिस्ती लोक बहुधा घरांतूनच जमत. नव्या करारातील पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला नमस्कार सांगितलेला आढळतो. सीरियातील दुरा-यूरोपस या प्राचीन नगराच्या उत्खननात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले असे एक घर सापडले आहे. बाहेरून ते साधे राहते घर. आत मात्र दोन खोल्यांमधली भिंत काढून बैठकीची जागा केलेली आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधलेले. पुढे चौथ्या शतकात राजाश्रय मिळाला, मोठी मंदिरे उभी राहिली, आणि घरातली बैठक हळूहळू मागे पडली.

ती पुन्हा पुढे आली त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७४२ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते कसे फेडावे याचा विचार चालला असता एकाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांजवळ तेवढेही नाही. तेव्हा पहिल्याने उत्तर दिले की, माझ्याकडे अकरा जण लावून द्या; जे देतील त्यांचे घेईन, जे देऊ शकणार नाहीत त्यांचे मी भरीन. याप्रमाणे बारा-बारांचे वर्ग पडले. वर्गणी गोळा करणारा दर आठवड्यास घरोघर जाऊ लागला, तेव्हा त्याला कर्जाहून वेगळ्या गोष्टी दिसू लागल्या. कोठे दारू, कोठे नवराबायकोचा बेबनाव, कोठे उपासमार. वेस्लींनी ओळखले की, आपल्याला हवे होते ते हेच. पैशासाठी निघालेली योजना माणसांच्या सांभाळाची योजना झाली, आणि त्या वर्गांच्या बळावर मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. आपल्याकडील भिशी किंवा महिलांचे बचतगट ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पैसे मोजायला बसलेल्या बायका शेवटी एकमेकींची दुःखे मोजतात, हे आपण पाहतोच.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. येथे या प्रश्नाला एक निराळीच धार होती. एकोणिसाव्या शतकात नगर, सोलापूर, सातारा, कोल्हापूर या भागांत जे ख्रिस्ती झाले, त्यांतील पुष्कळांचे जुने नाते एका दिवसात तुटले. पंगत तुटली, पाणी तुटले, कित्येकांचे घरही तुटले. मिशनच्या आवारात आसरा मिळाला खरा, पण आसऱ्याबरोबर आवाराची भिंतही मिळाली. गावाला तो परका झाला आणि त्याला गाव परका झाला. नुसते मत बदलल्याने नवे आप्त मिळत नाहीत. ते जोडावे लागतात. ते कोठे जोडले गेले? आमचे उत्तर असे की, बहुतांशी लहान बैठकींत आणि घरांत.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या आल्या, त्या आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवूनच. त्यांचे मन कोणा पंडिताने वादात जिंकले नाही. रोजचा शेजार, स्वयंपाकघर, आजारपण, घरात वाढणारी परक्यांची मुले, यांमधून एकेक गाठ सुटत गेली. श्रद्धा कशी घडते, याचे इतके प्रांजळ चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल. व्याख्यानाने विचार पटतो. सोवळे सुटायला मात्र शेजार लागतो.

दुसरे उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या मुली, विधवा आणि अनाथ मिळून शेकड्यांनी माणसे होती. एवढ्या मोठ्या वसतिस्थानात शिस्त लावता येते, पण प्रत्येकीच्या मनापर्यंत पोचणे कठीण. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी एक लहान मेळा जमविला. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या. संख्या पुढे वाढतच गेली, आणि त्या वर्षाच्या मध्यास तेथे मोठे धर्मजागरण झाले. त्यातील रडणे, मोठ्याने प्रार्थना करणे यांविषयी त्या वेळीही मतभेद होते आणि ते असू शकतात. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते अशा मुलींना त्या मेळ्यात तोंड उघडण्याचा अधिकार मिळाला, आणि पुढे त्यांतील कित्येकी आसपासच्या खेड्यांत जाऊन बोलू लागल्या.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, साताऱ्याचे. आणि तेच सर्वांत बोधक आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. नाव मोठे, पण वस्तू साधी. ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसांचा तो एक बंधुसंघ होता, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. भजन, कीर्तन, अभंग या आपल्या मातीतल्या साधनांनी उपासना व्हावी आणि आवाराची भिंत पाडावी, हा टिळकांचा ध्यास होता. ज्या समाजाला आपण सोडून आलो तो आपलाच आहे, असे ते म्हणू पाहत होते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

तो का टिकला नाही, याचा विचार केला पाहिजे. आमच्या मते मुख्य कारण असे की, त्या वर्तुळाचा सारा भार एका माणसाच्या प्रतिभेवर होता. दिवा विलक्षण तेजस्वी होता, पण एकच होता. तथापि बी अगदी वाया गेले असेही नाही. टिळकांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यात इंग्रज व हिंदी माणसे एकत्र, साधेपणाने राहू लागली, आणि पुढे हा संघ पुण्यास स्थिरावला. टिळकांची पदे तर आजही मराठी मंडळ्यांतून गाइली जातात. घरगुती बैठकीचा प्रारंभ अनेकदा त्यांनीच होतो.

लहान गटाची स्तुती करताना त्याचे दोषही झाकू नयेत. पहिला दोष जातीचा. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात आपोआप धुतली जात नाही. पूर्वीच्या जातीप्रमाणे वेगळे बसणारे ख्रिस्ती महाराष्ट्राने पाहिले आहेत. माणूस स्वभावतः आपल्यासारख्यांतच बसतो, आणि म्हणून लहान गट हा जात जपण्याचे सोयीस्कर ठिकाणही होऊ शकतो. दुसरा दोष चहाडीचा. जेथे दुःखे उघडी केली जातात तेथून ती बाहेर पडली, तर विश्वासच संपतो. तिसरा दोष पुढारीपणाचा. एकच बोलतो, बाकीचे मान हलवितात, आणि घरातली मंडळी ही घरातली गादी होऊन बसते.

यावर उपाय जुनेच आहेत. बैठक एकाच घरी न ठेवता फिरती ठेवावी, म्हणजे मोठ्याच्या दिवाणखान्यातले लोक गरिबाच्या ओसरीवरही बसतील. वाचन आणि प्रार्थना पाळीपाळीने करावी. ऐकलेले दुःख उंबऱ्याबाहेर नेऊ नये. संख्या वाढली की गटाचे दोन करावेत. आणि एक जागा नेहमी नवख्यासाठी मोकळी ठेवावी. यातील शेवटचा नियम सर्वांत अवघड, कारण आपल्या माणसांच्या उबेत बसल्यावर दार उघडायला उठवत नाही. पण दार बंद झाले की मंडळीची टोळी होते.

आटपाडीकरांना हे पटवायला आम्हांला फार श्रम पडू नयेत. औंध संस्थानच्या काळात याच मातीत स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीऐवजी शेत आणि विश्वास देऊन पाहण्याचा तो प्रयोग होता. १९५७ साली निघालेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. त्यात एक अधिकारी आणि सहा कैदी आहेत. शेकडोंच्या तुरुंगात जे साधत नाही ते सहांच्या सोबतीत का साधावे? कारण सहांमध्ये प्रत्येकाला नाव असते.

आमचे सांगणे एवढेच आहे. कोणी ख्रिस्ती असो, वारकरी असो, वा कोणताच धर्म न मानणारा असो; माणसाचा विश्वास, देवावरचा आणि माणसावरचाही, गर्दीत जागा होत असेल, पण तो वाढतो आणि टिकतो तो चार माणसांत. आज येथून घरी जाताना आपण प्रत्येकाने मनाशी एक प्रश्न विचारावा. पुढच्या आठवड्यात मी नेहमीच्या ठिकाणी दिसलो नाही, तर माझ्या दाराशी येऊन कडी वाजवील असे कोण आहे? आणि मी कोणाच्या दाराशी जाईन? या दोन प्रश्नांना ज्याच्याजवळ नावानिशी उत्तर आहे, त्याला मंडळी आहे.