मज्जारज्जूत लपलेली वीस वर्षं

या रुग्णांना उजेडात चालता येई, अंधारात येत नसे. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. पायांत ताकद असायची, पण पायाखाली फरशी आहे की कापूस तेच उमगत नसे, म्हणून नजर सतत पावलांवर खिळलेली. बर्लिनचे मॉरित्झ रॉम्बर्ग यांनी १८४०च्या दशकात आपल्या ग्रंथात या आजाराचं वर्णन केलं, आणि त्याबरोबर एक बिनखर्चाची परीक्षाही: रुग्णाला उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि तो डोलतो का ते पाहायचं. पाय नेमका कुठे आहे याची खबर मेंदूला पोचवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातात. ते झिजले की डोळ्यांवर काम भागवावं लागतं. शवविच्छेदनात नेमका तोच भाग सुकलेला सापडे. आजाराला नाव मिळालं टेबीज डॉर्सालिस.

पुढची तीस-पस्तीस वर्षं म्हणजे निरीक्षणाचा सुकाळ होता. फ्रान्समध्ये द्यूशेन यांनी १८५८च्या सुमारास या चालीचं बारकाईनं वर्णन केलं. १८६८मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या रुग्णांचे गुडघे वेदनेशिवाय कसे मोडकळीला येतात ते दाखवलं. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या अर्गाइल रॉबर्टसन यांना उजेडाला दाद न देणाऱ्या, पण जवळचं पाहताना आकसणाऱ्या बाहुल्या आढळल्या. १८७५मध्ये एर्ब आणि वेस्टफाल यांनी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो ही प्रतिक्रिया स्वतंत्रपणे नोंदवली. टेबीजमध्ये ती हरपते. एमबीबीएसची पोरं आज हातोडी घेऊन वॉर्डात फिरतात, त्यांच्या तपासणीचा बराचसा भाग या एका आजारानं घडवलेला आहे, हे त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

इतकं पाहिलं, पण कारण? थंडी, ओल, अतिश्रम, कामातिरेक. १८७५च्या सुमारास पॅरिसचे आल्फ्रेद फुर्निए यांनी सांगितलं की हा सिफिलिसचा उशिरा आलेला परिणाम आहे. जर्मनीत एर्ब यांनी रुग्णांची जुनी हकिगत खोदून खोदून विचारली आणि फुर्निएंची बाजू उचलली. बर्लिनच्या लायडन यांच्यासारखे मातब्बर मात्र मानायला तयार नव्हते. त्यांची शंका अगदीच खुळी नव्हती. संसर्ग आणि टेबीज यांच्यात बहुधा वीसएक वर्षं जातात. पंचविशीतली जखम केव्हाच भरून आलेली, आणि पंचेचाळिशीत पाय लडखडू लागलेले. शिवाय सिफिलिसवरचा पारा इथे काही करत नसे. तरी मला वाटतं, अडचण पुराव्यापुरती नव्हती. कामातिरेकाचा ठपका सहज ठेवता येत होता, कारण तो एकट्या पुरुषाचा दोष. संसर्ग मानला की त्याची बायको आणि मुलंही तपासावी लागणार.

एरवी सिफिलिस काही नवखा नव्हता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपभर पसरला आणि पुढच्या शतकात आपल्याकडेही पोचलेला होता. भावप्रकाशात फिरंग रोग येतो, त्यावर रसकर्पूर आणि चोपचिनी सांगितली आहे. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३मध्ये तिथेच छापलेल्या ग्रंथात चोपचिनीवर एक संपूर्ण संवाद लिहिला. त्वचेवरचा, हाडांतला सिफिलिस शतकानुशतकं ओळखीचा होता. मज्जारज्जूतला तेवढा अनोळखी राहिला.

रुग्णाच्या बाजूनं टेबीज कसा असतो ते कादंबरीकार आल्फाँस दोदे यांनी टिपून ठेवलं. पायांतून विजेसारख्या सळसळत जाणाऱ्या कळा, मॉर्फिन, लामालूच्या गरम झऱ्यांवर भेटणारे समदुःखी. शार्को यांनी त्यांना बरं होण्याची आशा नसल्याचं सांगितलं होतं. तरीही साल्पेत्रिएरमध्ये तेव्हा गाजत असलेला टांगण्याचा उपचार त्यांनी घेतला: हनुवटीखाली आणि काखेत पट्टे घालून रुग्णाला हवेत लटकवायचं, म्हणजे कणा ताणला जाईल. ही कल्पना ओडेसाहून आली होती. गुण आला नाही. दोदे १८९७मध्ये वारले; त्या नोंदी पुस्तकरूपात आल्या १९३०मध्ये.

वाद मिटला तो प्रयोगशाळेत, आणि झपाट्यानं. १९०५मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना मळसूत्रासारखा जंतू दिसला, १९०६मध्ये वासरमन यांची रक्ततपासणी आली, १९१३मध्ये नोगुची यांनी मेंदूत आणि टेबीजच्या मज्जारज्जूतही तो जंतू दाखवला. टेबीज हे सिफिलिसचं मज्जारज्जूतलं केवळ एक रूप, हेही स्पष्ट होत गेलं. कधी तो मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतो. वाहिनी बंद पडली की पाय एकाएकी लुळे पडतात आणि लघवी अडते. एर्ब यांनी १८९२मध्ये वर्णन केलेला, पाय ताठरत नेणारा पक्षाघातही याच घरातला.

एवढं कळल्यावर जे घडलं ते या इतिहासातलं सगळ्यात वाईट पान. १९३२पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामातल्या टस्कीगी परिसरात ३९९ सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना आणि तुलनेसाठी २०१ निरोगी पुरुषांना नजरेखाली ठेवलं. हेतू उपचाराचा नव्हता. उपचार न केल्यास काय होतं ते बघायचं होतं. त्यांना सांगितलं जाई, तुमचं रक्त खराब आहे. मज्जासंस्थेत रोग पोचलाय का ते पाहण्यासाठी पाठीत सुई घालून पाणी काढायचं होतं. लोक आले नसते, म्हणून पत्रं गेली ती खास मोफत उपचाराची. १९४३मध्ये महोनी यांनी पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो हे दाखवलं, दशक संपेपर्यंत तेच सर्वमान्य औषध झालं, तरी या माणसांना ते मिळू दिलं नाही. १९७२च्या जुलैत बातमी फुटली तेव्हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९७मध्ये.

पेनिसिलिननंतर टेबीज पाठ्यपुस्तकात गेला. न्यूरॉलॉजिस्टांच्या दोन-तीन पिढ्यांनी तो प्रत्यक्षात फारसा पाहिला नाही. सिफिलिस मात्र कुठेही गेलेला नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये ८० लाख प्रौढांना त्याची नव्यानं लागण झाली, आणि एचआयव्ही सोबत असेल तर तो मज्जासंस्थेत लवकर उपद्रव देऊ शकतो. एमआरआयवर मज्जारज्जू सुजलेला दिसला की आपल्याकडे आधी क्षय आठवतो, मग मल्टिपल स्क्लेरोसिस आणि त्याचे भाऊबंद, आणि ते रास्तही आहे. व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, असाच आपला समज; पन्नाशीच्या गृहस्थाला ती लिहून देताना पेन अडखळतं. लिहिली तरी जुनाट आजारात रक्तातली व्हीडीआरएल कधीकधी निगेटिव्ह येते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी आणि पाठीतलं पाणी लागतं. कमरेत देतात ते दीर्घ मुदतीचं पेनिसिलिन त्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. त्याऐवजी साधं पेनिसिलिन शिरेतून दहा ते चौदा दिवस द्यावं लागतं. सूज ताजी असेल तर माणूस पुन्हा चालू लागतो. मागचे तंतू झिजून गेलेले असतील, तर औषध रोगाला तिथेच थोपवतं, गेलेलं परत आणत नाही.