‘मेल्या’पासून कवटीपर्यंत

गेल्या सत्रात अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धमाल चालू होती. कुणीतरी लिहिलं, ‘उद्याच्या पेपरला आरआयपी.’ त्याखाली कवट्यांची रांग लागली. मीही जेवता जेवता एक कवटी टाकली आणि फोन बाजूला ठेवला. नेमका त्याच वेळी वर्गातल्या एका मैत्रिणीचा निरोप मध्ये आला होता, ‘आजोबा गेले. उद्या मी येत नाही.’ माझी कवटी बरोबर त्याखाली जाऊन बसली.

अर्ध्या तासाने बघितलं आणि घाम फुटला. लगेच पुसली, पण तोवर तिकडे ती बघून झाली होती. रडत आईला सांगितलं. आई म्हणाली, “ते खरं गं, पण हसायला कवटी कशाला लागते तुम्हाला?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

कवटीपासूनच सुरुवात करते. तिचा अर्थ ‘मेले!’ म्हणजे हसून हसून मेले. इंग्रजी बोलणारी मुलं ‘आय ॲम डेड’ म्हणायला लागली आणि त्याचं चित्र म्हणून कवटी आली. आधी हसण्यासाठी डोळ्यांतून पाणी येणारा पिवळा चेहरा होता. २०१५ साली ऑक्सफर्डने तर त्या चेहऱ्यालाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. पण तो चेहरा काका-मावश्यांनी उचलला, तसा पोरांनी सोडला. आपल्यालाही हे नवीन नाही. ‘हसून हसून मेलो’ आपण म्हणतोच. माझी आजी उशिरा घरी येणाऱ्या नातवाला “मेल्या, कुठं होतास?” असं विचारते तेव्हा ती शाप देत नसते, तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण तोच ‘मेल्या’ रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने म्हटला तर भांडण होईल. शब्द एकच. कोण, कुणाला आणि कधी म्हणतं, यावर त्याचा अर्थ ठरतो.

बोलताना आवाज असतो, चेहरा असतो. लिहिताना दोन्ही नसतात. ही अडचण इंटरनेटवर फार लवकर कळली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाहलमन यांनी सहकाऱ्यांना सुचवलं, की विनोद करताना अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करा, म्हणजे आडवा हसरा चेहरा दिसेल. कारण गमतीने लिहिलेलं लोक खरं धरत होते. आजचे सगळे पिवळे चेहरे त्याच गरजेतून आले.

दुसरं कारण जागेचं. मोबाइलवरचा पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यात ‘मेरी ख्रिसमस’ एवढंच होतं. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीत मात्र फक्त ७०, आणि त्यातही प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. ‘की’ हे आपलं एक अक्षर, तिथे दोन होतात. मग मराठी मुलं रोमन लिपीत तुटक लिहायला लागली. आता जागेची अडचण गेली, तुटकपणा तेवढा राहिला.

पण ‘ओएमजी’सारखी रूपं मोबाइलच्या आधीची आहेत. १९१७ साली ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ‘ओएमजी’ आहे, तेही कंसात ‘ओ माय गॉड’ असा खुलासा करून!

आपल्याकडचे शब्द बघा. ‘नाद खुळा’ कोल्हापूरहून आला आणि बेळगावात केव्हा रुजला कळलंच नाही. तिथे नाद म्हणजे वेड, आणि एकूण अर्थ ‘कमाल केलीस!’ पण ‘नाद करायचा नाय’ म्हटलं की तोच नाद ताकीद होतो. ‘विषय हार्ड’ म्हणजे अभ्यासाचा विषय अवघड नव्हे, ‘हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही’ अशी दाद. आणि ‘हौदो हुलिया’? हा तर आपल्याच जिल्ह्यातला. २०१९ च्या पोटनिवडणुकीत कागवाडला सिद्धरामय्यांचं भाषण चालू असताना गर्दीतला एक माणूस ओरडला, ‘होय रे वाघा!’ या अर्थी. तो व्हिडिओ कर्नाटकभर फिरला. मराठी पोरंही ते वापरतात, कधी खरं कौतुक म्हणून, कधी फुशारक्या मारणाऱ्याची जिरवायला. कुठलं कधी, ते शब्दकोशात सापडणार नाही.

गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन ‘एलओएल’चा अर्थ ‘खूप खूप प्रेम’ समजून निरोपाखाली ते लिहायचे, हे २०१२ मध्ये एका चौकशीत उघड झालं. खरा अर्थ ‘मोठ्याने हसतोय’. आपण त्यांना हसतो, पण बाबांनी ‘ठीक आहे.’ असं पूर्णविरामासकट लिहिलं की आपल्याला ते रागावलेत असं वाटतं. बाबा फक्त शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहीत असतात. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं, असं दिसून आलं.

अंगठ्याचं तर प्रकरण कोर्टात गेलं. कॅनडात एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार फोनवर पाठवला होता. त्याने उत्तरादाखल अंगठा दाखवला. तो म्हणाला, ‘मिळालं’ एवढाच माझा अर्थ होता. २०२३ मध्ये न्यायालयाने ती संमती धरली आणि त्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

आता त्या रात्रीचं ‘आरआयपी’. आम्ही ते नापास होण्यासाठी, फुटलेल्या फोनसाठी, हरलेल्या संघासाठी वापरतो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चंही आम्ही तेच करून ठेवलंय. मैत्रिणीच्या आजोबांना माती द्यायला आम्ही काही जणी गेलो होतो. दफनभूमीत जुन्या दगडांवर तीच तीन अक्षरं कोरलेली दिसली. नंतर फादरांना विचारलं. ते म्हणाले, मूळ लॅटिन शब्द आहेत ‘रेक्विएस्कात इन पाचे’, म्हणजे ‘तो शांतीत विसावो’. योगायोगाने इंग्रजीतही तीच आद्याक्षरं जुळली. मृतासाठीची ती प्रार्थना आहे. आम्ही पेपरसाठी म्हणत होतो ती.

म्हणून हे शब्द टाकून द्यावेत असं मला वाटत नाही. ते आमच्या दोस्तीचे शब्द आहेत, आजीच्या ‘मेल्या’सारखे. पण घरातला शब्द घराबाहेर टाकताना उंबऱ्यावर क्षणभर थांबावं. पाठवण्याआधी शेवटचा निरोप वाचावा. समोरच्याचा शब्द खटकला तर रागवण्याआधी विचारावं. आणि दुःखाच्या ठिकाणी चित्र नको, पूर्ण वाक्य लिहावं.

त्या दिवशी मैत्रीण मला म्हणाली, “तू मुद्दाम टाकली नाहीस ते कळलं गं मला. पण फोन पप्पांच्या हातात होता.” मी तिच्या पप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि कवटीचा अर्थ सांगायला लागले. तोंडातून शब्दच फुटेना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असू दे बाळ. पुढच्या वेळी फोन कर.”

तेव्हापासून अशा बातमीला मी फोनच करते.